मागचा पिवळा डाग

"पुसता येईल का, अप्पा?"

अप्पा तांबटांनी चष्मा कपाळावर चढवला. फोटो आधी नाकाला लागेल इतका जवळ आणला, मग हात लांब करून लांबून पाहिला.

"काय पुसायचं?"

"हा मागचा पिवळा डाग."

"का? झकास आलाय की."

"झकास आलाय... पण पुसायचाय. आजच. सहाच्या आत."

अप्पांनी फोटो मांडीवर ठेवला आणि मकरंदकडं बघितलं.

गिरवड्यात अप्पा तांबटांना फारसं कोणी अप्पा तांबट म्हणत नसे. 'हलू नका' म्हणत. अठ्ठेचाळीस वर्षं त्यांनी बाजारपेठेत फोटोचा स्टुडिओ चालवला आणि त्या काळात गावातल्या झाडून सगळ्या माणसांना ते हेच दोन शब्द बोलले होते. समोर तहसीलदार असो, नवरी मुलगी असो की दाखल्याला फोटो हवा असलेला म्हातारा, "हलू नका." पोरंसोरं त्यांना तोंडावर 'हलूनका आजोबा' म्हणत आणि ते खुशाल ओ देत. स्टुडिओच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरात एक ओळ होती: हललं की गेलं.

आता स्टुडिओला कुलूप होतं. एक्क्याऐंशी वर्षांचे अप्पा मागच्या घरात आठ-दहा कुंड्यांच्या सोबतीनं राहत. पण त्यांच्या हातातली एक विद्या गाव विसरलं नव्हतं. बारीक ब्रश घेऊन ते फोटोतलं काहीही नाहीसं करत. कुणाचे देवीचे व्रण पुसले, कुणाचे मिटलेले डोळे उघडले, एका नवरदेवाला तर मिसरूड फुटायच्या आधीच मिशा दिल्या. त्या मिशांवर लग्न जमलं म्हणतात. खरंखोटं नवरीला ठाऊक.

मकरंद देवलकर त्याच विद्येसाठी आला होता. शिवाय तो अप्पांचा शिष्य होता, आणि त्याच्या मते सगळ्यांत पुढं गेलेला.

हायस्कुलात तो भूगोल शिकवायचा आणि उरलेल्या वेळात फुलांचे फोटो काढायचा. शिक्षक कॉलनीतली मंडळी हे वाक्य उलटं करून सांगत. दर रविवारी सकाळी देवलकरांच्या तीन सायकली गावामागच्या सड्यावर जात. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळरान. भाद्रपदात तिथं बोटभर मातीत इतकी फुलं येतात की पाय ठेवायला जागा शोधावी लागते. बायको वैजयंती पुढं, नऊ वर्षांची साजिरी मध्ये, मकरंद मागं. निघताना तिघं एकत्र असत. वर पोचलं की मायलेकी सायकल मारत पुढं जात आणि मकरंद कुठल्यातरी फुलासमोर पालथा पडलेला असे.

"माझ्या सवती मोजायच्या झाल्या तर वनस्पतीशास्त्राचं पुस्तक घ्यावं लागेल," असं वैजयंती शेजारणींना सांगायची आणि स्वतःच हसायची.

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी साजिरी सड्याच्या उतारावर सायकलवरून पडली. उजवा हात मोडला.

त्याच रविवारी, त्याच जागी मकरंदनं आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो काढला. सीतेची आसवं. सुतासारख्या देठावर नखाएवढं जांभळं फूल, पाकळीवर पाण्याचा एक थेंब, आणि मागं सगळं धूसर. त्या धुसरात एकच पिवळा डाग.

फोटोला जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला. परीक्षकांनी लिहिलं, 'मागील सोनेरी ठिपक्यामुळे चित्रात प्राण आला आहे.'

आणि मकरंदची झोप उडाली.

शेजारचे बिरंजेसर म्हणजे उत्साहाचा बंब. शिक्षक कॉलनीत मांजर व्यालं तरी ते अभिनंदनाचा फ्लेक्स लावतील, इथं तर जिल्ह्यात पहिला नंबर. शाळेच्या चौकात दहा बाय आठचा फ्लेक्स ठरला. मधोमध फूल, कोपऱ्यात मकरंदचा हसरा चेहरा, खाली शुभेच्छुकांची यादी. फ्लेक्सवाल्याला सहापर्यंत फोटो हवा होता. उद्या रविवारी सकाळी नऊ वाजता नारळ फुटणार होता.

फ्लेक्सवर फूल चार फुटांचं होणार होतं. डाग अडीच फुटांचा.

अप्पांनी फोटो पुन्हा उचलला.

"कंप्युटरवर नाही जमलं?"

"जमलं. पण पुसलं तिथं पुसल्यासारखं दिसतं."

"दिसणारच."

"तुमच्या ब्रशानं दिसायचं नाही."

"माझ्या ब्रशानंही दिसतं," अप्पा म्हणाले. "लोक तिथं बघत नाहीत, एवढंच."

बाहेर अंगणात पाणी सांडल्याचा आवाज झाला. साजिरी डाव्या हातानं कुंड्यांना पाणी घालत होती. घरात बसून बसून कंटाळलीय, तिलाही घेऊन जा, असं वैजयंतीनं बजावलं होतं. नाही म्हणायला कारण सापडलं नाही, म्हणून मकरंद तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घेऊन आला होता. येताना सगळ्या वाटेत फोटोचं पाकीट त्यानं शर्टाच्या आत धरलं होतं.

त्यानं उठून दार लोटून घेतलं.

"लोकांना काय वाटतं, हे काय आहे?" अप्पांनी विचारलं.

"सोनकी. मागं पिवळी सोनकी फुललीय, असं वाटतं."

"तू काय सांगतोस?"

"मी काही सांगत नाही."

"म्हणजे सोनकीच सांगतोस."



अप्पांनी उजव्या हाताचा अंगठा फोटोवर ठेवला. बरोबर फुलावर. फूल, देठ, थेंब, सगळं त्या जाड अंगठ्याखाली गेलं.

"आता बघ."

मकरंदला बघायचं नव्हतं. पण फूल नसल्यावर नजर ठेवायला दुसरी जागाच नव्हती. पिवळ्या डागाला वरच्या बाजूला एक टोक होतं, टोपीसारखं. एका बाजूनं पिवळी रेघ वर गेली होती. खाली एक काळी कमान होती, अर्धवट दिसणाऱ्या चाकाची.

"रेनकोट," तो म्हणाला. "साजूचा."

अप्पांनी अंगठा उचलला नाही.

"कधी कळलं?"

"नंबर आल्यावर. परीक्षकांनी त्या ठिपक्याचं कौतुक केलं म्हणून मोठा करून बघितला. ती रस्त्याच्या कडेला पडलीय, अप्पा. हा तिचा हात आहे. डावा. उजवा तर..."

"काढताना दिसली नाही?"

"नाही. देवाशपथ नाही. माझा सगळा जीव फुलात होता."

"ऐकूही आलं नाही."

हा प्रश्न नव्हता. तरी मकरंदनं घाईघाईनं उत्तर दिलं. तीन आठवड्यांत ते उत्तर त्याला पाढ्यासारखं पाठ झालं होतं.

"वारा होता. सड्यावर वारा कसा असतो तुम्हाला माहीत आहे. तिनं हाक मारली म्हणे, पण वाऱ्यात काही..."

"वारा होता?"

"हो."

"हं," अप्पा म्हणाले.

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते उगीच नाही. हे उत्तर मकरंदनं पहिल्यांदा दिलं ते दवाखान्यात. वैजयंती वळणापुढं होती, ती परत फिरून येईपर्यंत मकरंद साजिरीपाशी पोचला होता. पुढं डॉक्टर प्लास्टर भिजवत असताना वैजयंतीनं विचारलं होतं, "अरे, तू तर मागंच होतास ना? हिनं हाक मारली नाही का?" तोंडातून निघून गेलं, "वारा होता गं." आणि खाटेवरून, डोळ्यांत पाणी असताना, साजिरी म्हणाली होती, "हो आई. खूप वारा होता."

तेव्हापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला साजिरी ते ऐकवत होती. बिरंजेसरांना, दूधवाल्याला, शाळेतल्या बाईंना. "मी हाक मारली, पण वारा होता ना, बाबाला ऐकूच गेलं नाही." लोक चुकचुकत आणि बिस्किटाचा पुडा ठेवून जात. मकरंद तेवढ्यात स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठे. एका दिवसात इतकं पाणी तो आयुष्यात प्यायला नव्हता.

"पोरी," अप्पांनी मोठ्यानं हाक मारली, "जरा आत ये."

"अप्पा, तिला कशाला..."

दार ढकलून साजिरी आलीच. फ्रॉकचा पुढचा भाग ओला, गळ्यात अडकवलेल्या झोळीत प्लास्टर. प्लास्टरवर सगळ्या कॉलनीनं सह्या केल्या होत्या. बिरंजेसरांची सही अर्थातच सर्वांत मोठी. मनगटापाशी पेनानं आखलेला एक चौकोन मोकळा होता.

"हे काय, इथं कुणी लिहिलं नाही?"

"ती बाबाची जागा आहे. तो फूल काढणारेय. पण त्याला वेळच होत नाही."

मकरंदनं फोटो पालथा केला.

"पडलीस तेव्हा मोठ्यानं हाक मारलीस?" अप्पांनी विचारलं.

"दोनदा. पण वारा होता ना."

"किती होता?"

साजिरीनं बापाकडं बघितलं. पापणी लवते तेवढंच. मग म्हणाली, "खूप. कान भरून जातील एवढा."

"बरं. ती कोपऱ्यातली गुलबक्षी आहे ना, ती उमलली का बघ. तिची वेळ झालीय. उमलली की सांग मला."

ती पळाली. झोळी सांभाळत पळायची तिला आता सवय झाली होती.

अप्पांनी टेबलाच्या खणातून भिंग काढलं आणि मकरंदच्या हातात दिलं. फोटो सुलटा केला.

"देठ बघ."

मकरंदनं भिंग लावलं.

"पाकळीची कड बघ. तो थेंब बघ."

"बघितलं."

"सीतेची आसवं. शेजारी माणसानं सुस्कारा टाकला तरी अर्धा तास हलत राहतात. किती वेळ पालथा होतास म्हणालास?"

"चाळीस मिनिटं."

"हे फूल केसभरसुद्धा हललेलं नाही, मकरंदा." अप्पांचा आवाज अगदी हळू होता. "कुठं होता वारा?"

मकरंदनं भिंग खाली ठेवलं. ते टेबलावर नीट बसेना, गोल गोल फिरत राहिलं. अख्ख्या जिल्ह्यानं हा फोटो पाहिला होता, परीक्षकांनी त्यातला कण न् कण तपासला होता. हे एक कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्याच्या स्वतःच्याही नाही. त्याच्या खोट्याचा पुरावा त्यानंच काढला होता, तोही बक्षीस मिळावं इतका स्वच्छ.

"अकरा सेकंद," तो म्हणाला.

अप्पांनी फिरणारं भिंग हातानं थांबवलं.

"सायकल आपटल्याचा आवाज आला. मग 'बाबा' अशी हाक. मला ऐकू आलं, अप्पा. लख्ख ऐकू आलं. पण नेमका त्याच वेळी वारा पडला. चाळीस मिनिटांनी पहिल्यांदा. मनात म्हटलं, एकच... एवढा एकच. दाबलं. परत 'बाबा'. परत दाबलं. मग आणखी एकदा. मग उठलो."

"अकरा सेकंद कसे?"

"कॅमेरा वेळ लिहून ठेवतो. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत अकरा सेकंद. नंबर आला तो तिसरा."

अंगणातून साजिरीचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

"हात तर आधीच मोडला होता," मकरंद म्हणाला. "डॉक्टरांनाही विचारलं मी, आडून आडून. लगेच उचललं असतं तरी तेवढाच मोडला असता. अकरा सेकंदांनी काही बिघडलेलं नाही."

"मग पुसायचं कशाला?"



"भीती वाटते," तो म्हणाला. "सारखी वाटते. वर्गात नकाशा लावताना वाटते. मागून ट्रक आला असता तर? आला नाही. पण येतोय का, हे मी बघितलंच नव्हतं. उद्या तो फ्लेक्स लागणार. येणारंजाणारं कुणीतरी म्हणणार, अरे, ही तर साजू. मग वैजूला कळणार. आणि मग साजूला..."

"साजूला काय?"

"की मला ऐकू आलं होतं."

हे एवढं बोलल्यावर त्याला धाप लागली. सड्याचा चढ एका दमात चढल्यावर लागते तशी.

अप्पांनी काठीवर हनुवटी टेकली.

मकरंद एकदम तडकला.

"तुम्हीच शिकवलंत ना? वारा पडला की श्वाससुद्धा घ्यायचा नाही, म्हणालात. घर जळत असलं तरी बटणावरचं बोट काढायचं नाही, म्हणालात. भिंतीवर लिहून ठेवलंत, हललं की गेलं. मी तेच केलं. मी हललो नाही!"

"शिकवलं," अप्पा म्हणाले.

त्यांनी वाद घातला नाही. उलट मान डोलावली, आणि त्यामुळं मकरंदचा राग जागच्या जागी विझला.

"मीच शिकवलं. अठ्ठेचाळीस वर्षं... लोक लहान पोरं घेऊन यायचे. दिवा बघून पोर रडायचं. मी थांबायचो. रडं थांबलं की काढायचो." अप्पा भिंतीकडं बघत होते. "माझ्याकडं गावातल्या सगळ्या पोरांचे फोटो आहेत. रडतानाचा एक नाही."

मग ते उठले. कोपऱ्यातल्या कपाटातून त्यांनी पत्र्याची पेटी काढली. तिच्यात ब्रश होते, एक तर तीन केसांचा. रंगाच्या वड्या होत्या, पाण्यासाठी वाटी होती. सगळं त्यांनी टेबलावर नीट मांडलं. वाटीत तांब्यातलं पाणी ओतलं.

मकरंदच्या जिवात जीव आला. घड्याळात पावणेपाच झाले होते. अप्पांनी हात चालवला तर अजून वेळ होता.

अप्पांनी करड्या रंगाची वडी भिजवली, ब्रशाला टोक काढलं, आणि तो मकरंदपुढं धरला.

"घे."

"मी?"

"सोपं आहे. मागचा रंग घ्यायचा आणि ठिपके देत जायचं. आधी तिचा हात पूस. वर केलाय तो. तो गेला की बाकीचं कुणाला कळणार नाही."

मकरंदनं ब्रश घेतला. फोटोवर वाकला. पिवळी रेघ उभ्या तांदळाएवढी होती. तिच्या टोकाशी, धुसरातसुद्धा, पंजा उघडलेला दिसत होता.

ब्रशाचं टोक त्या पंजापासून गहूभर अंतरावर जाऊन थांबलं.

ते पुढं जाईना. एक करडा थेंब टोकाशी जमला, फुगला, आणि फोटोच्या कडेवर पडला. मकरंदनं तो बाहीनं टिपला. पुन्हा वाकला. पुन्हा तिथंच थांबला.

अप्पा घाई करत नव्हते, थांबवतही नव्हते.

"आजोबा!" अंगणातून हाक आली. "उमलली!"

मकरंदनं ब्रश वाटीत टाकला. पाणी करडं झालं.

"कॅमेरा आणलायस?" अप्पांनी विचारलं.

"आहे. पिशवीत."

"चल मग. उमललेलं फूल वाया कशाला घालवायचं?"

"अप्पा, फ्लेक्सवाला..."

अप्पा दाराबाहेर पोचलेसुद्धा.

अंगणात उन्हं तिरपी झाली होती. कोपऱ्यातल्या कुंडीत गुलबक्षीची तीन फुलं उघडली होती, दोन राणी रंगाची आणि एक पिवळं. साजिरी कुंडीसमोर उकिडवी बसली होती. अप्पा पायरीवर बसले आणि काठीनं मातीत रेघोट्या ओढू लागले.

"मकरंदा, ते पिवळं घे. पोरी, तू वाऱ्यावर लक्ष ठेव. पडला की सांग बाबाला."

साजिरीला ही कामगिरी फारच आवडली. आजवर बाबाच्या कॅमेऱ्याजवळ बोलायचीसुद्धा तिला बंदी होती. तिनं ओठ आवळले, मोकळा हात गुडघ्यावर ठेवला आणि पानांकडं टक लावली.

मकरंद गुडघ्यांवर बसला. डोळा लावला. फूल डोलत होतं, चौकटीत यायचं आणि बाहेर जायचं.

झुळूक थांबली.

"पडला," साजिरी कुजबुजली.

मकरंदचं बोट बटणावर होतं. ते दाबलं गेलं नाही.

झुळूक आली, फूल हललं, पुन्हा स्थिर झालं.

"पडला, बाबा."

बोट तिथंच.

"बाबा..."

हाक अगदी हळू होती. तरी त्याच्या पाठीतून शिरशिरी गेली.

"काढ की. बघ ना, एक पान हलत नाहीये. अगदी त्या दिवशीसारखा पडलाय."

अप्पांच्या काठीचा चाळा थांबला.

साजिरीनं जीभ चावली. एकदा अप्पांकडं बघितलं, एकदा बापाकडं, आणि भराभरा बोलू लागली.

"म्हणजे... आधी थोडा पडला होता. मी पडले तेव्हा परत सुटला. खूप सुटला. कान भरतील एवढा. हो ना, बाबा?"

मकरंदनं डोळा कॅमेऱ्यावरून काढला.

तिला ठाऊक होतं. दवाखान्यातल्या खाटेवर होती तेव्हापासून ठाऊक होतं. सगळ्या सड्यावर पान हलत नसताना तिनं दोनदा हाक मारली होती, आणि बाबाला ऐकू गेलंय हे तिला कळलं होतं. तरी तीन आठवडे ती दूधवाल्यापासून बाईंपर्यंत सगळ्यांपुढं बापाची बाजू घेत होती. मकरंदला अशी लाज वाटली की कानशिलं तापली. ज्याची भीती बाळगून तो ब्रश मागायला आला होता, ते केव्हाच होऊन गेलं होतं.

ती अजून त्याच्या 'हो'ची वाट बघत होती. चेहऱ्यावर हसू होतं, आणि ते टिकवताना तिची हनुवटी थोडी थोडी उडत होती.

'हो' म्हणणं अगदी सोपं होतं. अजूनही. साडेपाच वाजायचे होते, ब्रश वाटीत भिजत होता.

मकरंदनं कॅमेरा खाली ठेवला. भिंगाचं तोंड ओल्या मातीत गेलं. एरवी धुळीचा कण बसला तर जेवण गोड न लागणारा माणूस, पण त्यानं तिकडं बघितलंही नाही.

"साजू."

"काय?"

"त्या दिवशी... वारा..."

आवाज फाटला. पुढचा शब्द घशात आला आणि तिथंच थरथरत राहिला. गुडघ्यांवर ठेवलेले हात थरथरू लागले. ते एकमेकांत घट्ट धरले, तर खांदे थरथरू लागले. तेवढ्यात सड्याकडून वारा उतरला. गुलबक्षीची फुलं, पानं, दोरीवरचं धोतर, साजिरीच्या कपाळावरचे केस, सगळं एकदम हलायला लागलं.

त्यानं अप्पांकडं तोंड फिरवलं. वीस वर्षांपूर्वी स्टुडिओत पहिल्यांदा हातात कॅमेरा घेतला होता तेव्हा फिरवलं होतं, तसं.

"जमत नाही, अप्पा. सगळं हलतंय."

अप्पांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. पोरीकडं बघितलं. मग त्याच्याकडं.

"हलू दे."